क्लाउड इंटरफेसद्वारे चॅटबॉटची जुळणी : अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

भाषा मॉडेलवर आधारित चॅटबॉट आज क्लाउडवरील प्रोग्रॅमिंग इंटरफेसच्या साहाय्याने अल्प खर्चात उभा करता येतो. त्यामुळे हे तंत्र लघुउद्योगांच्याही आवाक्यात आले आहे. प्रस्तुत लेखात अशा चॅटबॉटची जुळणी कोणत्या टप्प्यांनी होते, हे सोलापूर येथील अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल-चादर व्यवसायाच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे. जुळणीतील तांत्रिक भाग तुलनेने सोपा आहे. व्यवसायाचे ज्ञान भाषेत नेमकेपणाने मांडणे आणि यंत्राने कोठे थांबावे हे ठरवणे, हा तिचा खरा अवघड भाग होय, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : चॅटबॉट, क्लाउड, प्रोग्रॅमिंग इंटरफेस, भाषा मॉडेल, टोकन, यंत्रमाग, सोलापूर.

प्रस्तावना :

सोलापुरातील कापडउद्योगाचा इतिहास १८७७ साली सुरू झालेल्या आणि पुढे 'जुनी गिरणी' या नावाने ओळखल्या गेलेल्या गिरणीपर्यंत मागे जातो. मोठ्या गिरण्यांचा काळ संपल्यानंतर या उद्योगाचा भार यंत्रमागांनी उचलला. अक्कलकोट रोड एमआयडीसी हे या यंत्रमाग व्यवसायाचे एक प्रमुख केंद्र आहे. टेरी टॉवेल, नॅपकीन आणि जॅकार्ड विणीची चादर ही येथील ओळख. 'सोलापुरी चादर' आणि 'सोलापूर टेरी टॉवेल' या दोन्ही नावांना भौगोलिक उपदर्शन कायदा, १९९९ अन्वये नोंदणीचे संरक्षण मिळालेले आहे.

या वसाहतीतील व्यवहाराचे एक वैशिष्ट्य म्हणजे तेथील बहुभाषिकता. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर समाजाची तेलुगू, सीमाभागातील कन्नड, शहरातील उर्दू-हिंदी आणि सर्वांची मिळून व्यवहारभाषा असलेली मराठी या सर्व भाषा एकाच कारखान्याच्या आवारात ऐकू येतात. कामाच्या ओघात माणसे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहजपणे जातात.

अशा कारखान्याच्या भ्रमणध्वनीवर रात्री दहा वाजता परगावच्या व्यापाऱ्याचा संदेश येतो : "टॉवेलचा रेट काय?" कार्यालयातील जाणता माणूस या प्रश्नाला दर सांगून उत्तर देत नाही. तो उलट विचारतो : माप काय, वजन किती, पांढरा की रंगीत, किती डझन, माल कोठे पोहोचवायचा? त्याचे प्रतिप्रश्न हेच त्याचे व्यावसायिक ज्ञान होय. हे ज्ञान कोठेही लिहिलेले नसते. चॅटबॉट बसवायचा म्हणजे हे न लिहिलेले ज्ञान प्रथमच लिहून काढायचे. या दृष्टीने पाहिले असता चॅटबॉटची जुळणी हा केवळ संगणकशास्त्राचा विषय राहत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी पुढे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एक टॉवेल कारखाना कल्पिला आहे. त्याची मापे व अटी उदाहरणादाखल घेतलेल्या आहेत.

१. चॅटबॉटच्या दोन पिढ्या :

माणसाशी लेखी संवाद साधणाऱ्या आज्ञावलीचा पहिला गाजलेला प्रयोग म्हणजे जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे तयार केलेली आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेली 'एलायझा'. वापरणाऱ्याच्या वाक्यातील काही शब्द हेरून त्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परत करणे एवढेच तिचे तंत्र होते. तरीही माणसे तिच्याशी मनापासून बोलू लागली, याचे स्वतः वायझेनबाउम यांना आश्चर्य आणि पुढे चिंताही वाटली. यंत्राच्या अस्खलित वाक्यावर माणूस गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

क्लाउडवरील चॅटबॉटची पहिली पिढी २०१६-१७ च्या सुमारास रूढ झाली. गूगलने २०१६ मध्ये विकत घेतलेली आणि २०१७ मध्ये 'डायलॉगफ्लो' असे नाव दिलेली सेवा, तसेच अ‍ॅमेझॉनची 'लेक्स' ही तिची उदाहरणे होत. या पद्धतीत वापरणाऱ्याचे संभाव्य हेतू आधी ठरवावे लागतात. प्रत्येक हेतूसाठी नमुना वाक्ये द्यावी लागतात आणि प्रत्येकाचे उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१९ मध्ये मुंबईच्या हॅप्टिक या कंपनीच्या सहकार्याने 'आपले सरकार' संकेतस्थळासाठी सुरू केलेला, सुमारे १,४०० लोकसेवांची माहिती देणारा चॅटबॉट याच काळातील आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने जानेवारी २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर नागरी सेवांची अशीच सोय उपलब्ध केली. या पद्धतीत उत्तर माणसाने लिहिलेले असल्यामुळे ते सहसा चुकत नाही, मात्र प्रश्न ठरावीक चाकोरीबाहेर गेला की यंत्र निरुत्तर होते.

दुसरी पिढी भाषा मॉडेलची. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि मार्च २०२३ मध्ये त्यामागील मॉडेल प्रोग्रॅमिंग इंटरफेसद्वारे विकसकांना मिळू लागले. अन्य कंपन्यांची मॉडेलही अशाच मार्गाने उपलब्ध आहेत. येथे उत्तर आधी लिहिलेले नसते. मॉडेल ते प्रत्येक वेळी नव्याने रचते. त्यामुळे प्रश्न कसाही विचारला तरी उत्तर मिळते, परंतु ते बरोबर असेलच याची हमी नसते. पहिल्या पिढीतील चूक म्हणजे मौन, तर दुसऱ्या पिढीतील चूक म्हणजे आत्मविश्वासाने दिलेले खोटे उत्तर. जुळणीचे सारे शास्त्र या फरकातून जन्मले आहे.

२. इंटरफेसचे स्वरूप :

प्रोग्रॅमिंग इंटरफेस म्हणजे एका आज्ञावलीने दुसऱ्या आज्ञावलीकडे काम मागण्याची ठरलेली रीत. कारखान्याचा स्वतःचा लहान सर्व्हर इंटरनेटवरून मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे विनंती पाठवतो आणि काही सेकंदांत उत्तर परत येते. या विनंतीत साधारणपणे पुढील बाबी असतात : कोणते मॉडेल वापरायचे त्याचे नाव, मॉडेलने कसे वागावे याचे सूचनापत्र, आतापर्यंतचा संवाद, आणि उत्तराची कमाल लांबी. काही मॉडेलांत 'टेंपरेचर' नावाचा एक अंकही देता येतो. तो शून्याजवळ ठेवल्यास उत्तरे ठरावीक वळणाची येतात, वाढवल्यास त्यांत वैविध्य येते. दर सांगणाऱ्या चॅटबॉटसाठी तो कमी ठेवणे इष्ट. मात्र कमी अंक म्हणजे अचूक उत्तर असा अर्थ नाही. चुकीचे उत्तरही सातत्याने तेच येऊ शकते.

विनंतीसोबत एक गुप्त किल्ली पाठवावी लागते. ही अक्षर-अंकांची लांब मालिका ज्याच्या हाती, त्याच्या वापराचे बिल मूळ खातेदाराच्या नावे निघते. ही किल्ली संकेतस्थळाच्या पानात किंवा सर्वांना दिसणाऱ्या आज्ञावलीत लिहिणे ही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हमखास आढळणारी चूक आहे. ती केवळ सर्व्हरवर, आज्ञावलीपासून वेगळी ठेवावी आणि खात्यावर मासिक खर्चाची मर्यादा घालावी.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मूळ इंटरफेसला स्वतःची स्मृती नसते. काही सेवा संवाद आपल्याकडे साठवून ठेवण्याची सोय देतात, पण तेव्हाही मॉडेलला प्रत्येक वेळी तो सारा मजकूर नव्यानेच वाचावा लागतो. व्यापाऱ्याने पहिल्या संदेशात "पाचशे डझन" म्हटले आणि तिसऱ्या संदेशात "तेवढेच, पण रंगीत" म्हटले, तर 'तेवढेच' म्हणजे किती हे कळण्यासाठी तिसऱ्या विनंतीत आधीचे सर्व संदेश असावे लागतात. याचा खर्चावर परिणाम होतो, कारण आकारणी 'टोकन' या एककावर होते. टोकन म्हणजे मजकुराचा लहान तुकडा, कधी पूर्ण शब्द तर कधी शब्दाचा अंश. सूचनापत्र १,५०० टोकनांचे असून प्रत्येक प्रश्नोत्तराला २०० टोकन लागतात असे मानले, तर पहिल्या विनंतीत नव्या प्रश्नाखेरीज १,५०० आणि दहाव्या विनंतीत ३,३०० टोकन पाठवावे लागतात. म्हणूनच लांबलेल्या संवादाचा सारांश करून पाठवणे, किंवा न बदलणारा भाग सेवादात्याकडे तात्पुरता साठवण्याची सवलत घेणे, हे उपाय योजले जातात.

३. सूचनापत्र : जुळणीचा गाभा

मॉडेलने कोणाच्या वतीने, कशाविषयी आणि कोणत्या मर्यादेत बोलावे हे सांगणारा मजकूर म्हणजे सूचनापत्र. ते कोणत्याही संगणकीय भाषेत लिहिलेले नसते. ते साध्या मराठीतही लिहिता येते. कल्पिलेल्या कारखान्यासाठी त्यातील काही कलमे पुढीलप्रमाणे असू शकतील :

(अ) तू टॉवेल व चादरींच्या कारखान्याचा चौकशी-साहाय्यक आहेस. आपण यंत्र आहोत हे पहिल्याच संदेशात सांग.

(आ) माप, वजन, रंग, संख्या आणि पोहोचवण्याचे ठिकाण या पाचही गोष्टी कळल्याशिवाय दराविषयी काही बोलू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार.

(इ) दर केवळ सोबत दिलेल्या दरपत्रकातूनच सांग. पत्रकात नसलेल्या मालाचा दर अंदाजाने सांगू नकोस. "कार्यालयातून कळवले जाईल" असे म्हण आणि चौकशीची नोंद कर.

(ई) सवलत, उधारी आणि माल पोहोचण्याची तारीख याविषयी कोणतेही वचन देऊ नकोस.

(उ) ग्राहक ज्या भाषेत लिहील त्या भाषेत उत्तर दे. रोमन लिपीत मराठी लिहिले असल्यास उत्तर देवनागरीत दे.

ही कलमे वाचताना ती सहज सुचण्यासारखी वाटतात, पण तशी ती नाहीत. 'ई' या कलमातील तारखेचे उदाहरण घेता येईल. "पंधरा दिवसांत माल मिळेल का?" या प्रश्नाला होकार देण्याकडे मॉडेलचा कल असतो, कारण होकार हे सौजन्याचे उत्तर आहे. परंतु त्या पंधरा दिवसांत नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव येतो की मकरसंक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा येते, त्या दिवसांत किती माग चालू राहतील, सूत हाती आहे की यावयाचे आहे, हे त्याला ठाऊक नसते. कार्यालयातील माणूस हे सर्व मनात धरून "बघून सांगतो" म्हणतो. यंत्राला हे "बघून सांगतो" मुद्दाम शिकवावे लागते.

तशीच दक्षता नावाच्या बाबतीत घ्यावी लागते. 'सोलापुरी चादर' हे कायद्याने संरक्षित नाव आहे. ते कोणी वापरावे याचे नियम आहेत आणि त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीची तरतूद आहे. एखाद्या मालाला हे नाव लागू होत नसतानाही ग्राहकाच्या "हा अस्सल सोलापुरीच ना?" या प्रश्नाला यंत्राने "होय" म्हटले, तर ते केवळ अतिशयोक्तीचे वाक्य ठरत नाही. कोणत्या मालाबाबत काय म्हणता येईल हे मालाच्या यादीतच, प्रत्येक नोंदीसमोर लिहिलेले असावे.

४. मराठी मजकुराचे विशेष प्रश्न :

भाषा मॉडेल मराठी समजतात आणि लिहितात, तथापि मराठीतून काम घेताना काही अडचणी येतात. पहिली खर्चाची. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजीचे प्रत्येक अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात. 'टॉवेल' या शब्दात ट, ऑ-कारचिन्ह, व, ए-कारचिन्ह आणि ल अशी पाच चिन्हे असून त्यांना १५ बाइट लागतात. हाच शब्द इंग्रजीत पाच बाइटमध्ये बसतो. टोकन पाडण्याच्या पद्धती मुख्यतः इंग्रजीबहुल मजकुरावर घडलेल्या असल्याने त्याच आशयाला मराठीत सहसा अधिक टोकन पडतात. नव्या मॉडेलांत हे अंतर कमी झाले आहे, नाहीसे झालेले नाही.

दुसरी अडचण लेखनाची. 'दुसऱ्या', 'पांढऱ्या' या शब्दांतील 'ऱ' संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो : एकसंध चिन्ह म्हणून किंवा 'र' आणि नुक्ता अशी जोडी म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राला ते भिन्न शब्द वाटतात. त्यामुळे मालाच्या यादीत 'पांढऱ्या' शोधताना नोंद असूनही सापडत नाही. येणारा मजकूर आणि साठवलेली यादी दोन्ही एकाच प्रमाण रूपात आणून घेणे हा त्यावरील उपाय आहे. प्रत्यक्षात निम्मेअधिक ग्राहक रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने मराठी लिहितील, असे गृहीत धरूनच जुळणी करावी.

तिसरी अडचण अर्थाची आणि ती सर्वांत नाजूक आहे. सोलापुरात चादर म्हणजे अंगावर पांघरण्याचे जाड वस्त्र. हिंदी भाषक व्यापारी 'चादर' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा पलंगावर अंथरण्याचे पातळ वस्त्र असते. मॉडेलचे शिक्षण मोठ्या प्रमाणात हिंदी-इंग्रजी मजकुरावर झालेले असल्याने तेही दुसऱ्या अर्थाकडे झुकते. परिणामी व्यापारी आणि यंत्र यांचे छान एकमत होते, आणि कारखाना मात्र भलताच माल तयार करतो. 'पंचा', 'नॅपकीन', 'टॉवेल' यांच्या सीमारेषाही गावोगावी बदलतात. या शब्दांचा एक छोटा कोश, म्हणजे शब्द, कारखान्यातील अर्थ, परगावचा अर्थ आणि विचारावयाचा प्रतिप्रश्न, सूचनापत्राला जोडणे अत्यावश्यक ठरते. असा कोश संगणकतज्ज्ञ एकटा करू शकत नाही. त्यासाठी भाषेचा अभ्यासक आणि मागावरचा माणूस एकत्र बसावे लागतात.

५. हिशेब मॉडेलवर सोडू नये :

भाषा मॉडेल शब्द रचते. गणित करण्याची त्याची रीतही मुळात शब्द रचण्याचीच आहे. त्यामुळे मोठ्या आकडेमोडीत ते चुकू शकते आणि चूक सफाईदार वाक्यात दडून जाते. टॉवेलच्या व्यवहारात वजनाचा हिशेब पदोपदी येतो. समजा, ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा टॉवेल हवा आहे. त्याचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. म्हणून एका नगाचे वजन ५०६.२५ ग्रॅम, डझनाचे ६.०७५ किलो आणि ५०० डझनांचे ३,०३७.५ किलो होते. यातील एका दशांश चिन्हाची चूक वाहतुकीच्या खर्चात आणि सुताच्या खरेदीत कित्येक पटींनी उमटते.

यासाठी इंटरफेसमध्ये 'साधन' देण्याची सोय असते. विकसक मॉडेलला सांगून ठेवतो, की 'वजन काढणे' नावाचे एक साधन उपलब्ध असून त्याला लांबी, रुंदी, प्रतिचौरस मीटर वजन आणि संख्या ही माहिती लागते. संवादातून ही माहिती मिळाली की मॉडेल स्वतः हिशेब न करता "हे साधन या आकड्यांसह चालवावे" अशी मागणी करते. कारखान्याच्या सर्व्हरवरील साधी आज्ञावली गुणाकार करून उत्तर परत देते आणि मॉडेल ते वाक्यात गुंफते. दरपत्रक पाहणे, शिल्लक माल तपासणे, चौकशीची नोंद करणे ही कामेही अशीच साधनांकडे द्यावीत. बोलणे मॉडेलचे, आकडे आज्ञावलीचे आणि निर्णय माणसाचा, अशी ही कामाची वाटणी आहे.

माहितीचा साठा मोठा असल्यास तो पूर्णपणे सूचनापत्रात कोंबण्याऐवजी प्रश्नाशी संबंधित तेवढाच भाग शोधून विनंतीला जोडतात. त्यामुळे टोकन वाचतात आणि उत्तर कशाच्या आधारे दिले हेही तपासता येते.

६. व्हॉट्सअ‍ॅपशी जोडणी :

ग्राहक कारखान्याच्या संकेतस्थळावर क्वचितच येतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. मे २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचा क्लाउड इंटरफेस सर्व व्यवसायांसाठी खुला झाल्यापासून ही जोडणी सोपी झाली. ग्राहकाचा संदेश आला की व्हॉट्सअ‍ॅप तो कारखान्याच्या सर्व्हरवरील ठरावीक पत्त्यावर पोहोचवते. सर्व्हर तो मॉडेलकडे पाठवतो आणि मिळालेले उत्तर पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या हवाली करतो.

यात तीन गोष्टींची दक्षता घ्यावी लागते. पहिली, संदेश पोहोचल्याची पावती सर्व्हरने तत्काळ द्यावी. ती न मिळाल्यास तोच संदेश पुन्हा पाठवला जातो. म्हणून प्रत्येक संदेशाचा क्रमांक नोंदवून पुनरावृत्ती ओळखावी, अन्यथा एका मागणीची दोनदा नोंद होते. दुसरी, ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तासांपर्यंतच मोकळेपणाने उत्तर देता येते. त्यानंतर केवळ पूर्वमंजूर साच्यातील संदेश पाठवता येतात. तिसरी, मॉडेलची सेवा कधी व्यग्र असते तर कधी बंद. अशा वेळी काही अंतराने पुन्हा प्रयत्न करावा आणि तरीही न जमल्यास "संदेश मिळाला, कार्यालय उघडल्यावर उत्तर मिळेल" असे साधे, आधी लिहिलेले वाक्य जावे.

७. उत्तरदायित्व :

चॅटबॉट चुकला तर जबाबदार कोण? या प्रश्नाला कॅनडातील एका निवाड्याने स्पष्ट उत्तर दिले आहे. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला नातेवाइकाच्या निधनानिमित्तच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी न्यायाधिकरणाने, संकेतस्थळावरील सर्व माहितीची जबाबदारी कंपनीचीच आहे, मग ती साध्या पानावर असो वा चॅटबॉटने दिलेली असो, असे ठरवून व्याज व शुल्कासह सुमारे ८१२ डॉलर देण्याचा आदेश दिला. हा निवाडा भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. तथापि त्यातील तर्क कोणत्याही व्यापाऱ्याला पटण्यासारखा आहे : पेढीवर बसवलेल्या माणसाच्या शब्दाला पेढी बांधील असते, मग पेढीवर बसवलेल्या यंत्राच्या शब्दाला का नसावी?

ग्राहक मुद्दाम यंत्राला फसवू पाहील ही शक्यताही धरावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका मोटारविक्रेत्याच्या चॅटबॉटला एका व्यक्तीने शब्दांत गुंतवून एका डॉलरला मोटार विकण्याचे मान्य करावयास लावले होते. "आधीच्या सर्व सूचना विसर" अशा वाक्यांपासून सूचनापत्र पूर्णपणे सुरक्षित करता येत नाही. म्हणून ज्या कृतीमुळे नुकसान होऊ शकते तिचा अधिकारच मॉडेलला देऊ नये. ते मागणीची नोंद करील, मागणी स्वीकारणार नाही.

ग्राहकाचे नाव, क्रमांक, पत्ता ही व्यक्तिगत माहिती होय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यानुसार माहिती घेण्याविषयीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. अक्कलकोट रोडवरील कारखान्यासाठी बहुभाषिकता ही केवळ सोय उरत नाही, ती यापुढे कायदेशीर कर्तव्याचा भाग ठरणार आहे.

शेवटची बाब सर्वांत गंभीर आहे. १८ मे २०२५ रोजी पहाटे या वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. कारखान्याच्या नावाने सुरू असलेल्या क्रमांकावर कोणत्याही क्षणी मालाच्या चौकशीऐवजी मदतीची हाक येऊ शकते, आणि ती तेलुगूत असेल, कन्नडमध्ये असेल किंवा रोमन लिपीतील तुटक मराठीत असेल. 'आग', 'धूर', 'अपघात' अशा शब्दांचे चारही भाषांतील आणि दोन्ही लिप्यांतील पर्याय मॉडेलकडे जाण्यापूर्वीच आज्ञावलीने ओळखावेत. अशा संदेशाला प्रतिप्रश्न नसावा. ११२ व १०१ हे क्रमांक सांगणारे, माणसाने लिहिलेले निश्चित उत्तर त्याच क्षणी जावे आणि जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी वाजावा. एखादा संदेश विनाकारण धोक्याचा मानला गेला तरी चालेल, पण खरा संदेश निसटता कामा नये.

८. चाचणी :

मॉडेलचे उत्तर दर वेळी थोडे वेगळे येत असल्याने एकदा नीट चालले म्हणजे काम झाले असे म्हणता येत नाही. सुरुवातीलाच शंभरेक प्रश्नांचा संच तयार करावा. त्यात नेहमीच्या चौकशा, अपुरी माहिती असलेले प्रश्न, पत्रकात नसलेला माल, चारही भाषांतील व रोमन लिपीतील वाक्ये, फसवणुकीचे प्रयत्न आणि आणीबाणीचे संदेश असावेत. प्रत्येकासमोर उत्तरात काय असलेच पाहिजे आणि काय असता कामा नये, हे लिहावे. सूचनापत्रातील एखादा शब्द बदलला किंवा सेवादात्याने जुने मॉडेल बंद करून नवे दिले, की संपूर्ण संच पुन्हा चालवावा. तेलुगू व कन्नड उत्तरे त्या भाषा जाणणाऱ्यांनीच तपासावीत. आपल्याला न येणाऱ्या भाषेतील सफाईदार उत्तर बरोबरच असावे, असे मानण्याचा मोह टाळावा. प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतील प्रत्येक संवाद कार्यालयातील जाणत्या माणसाने वाचावा. संचात भर घालण्याजोगे प्रश्न त्यातूनच मिळतात.

समारोप :

वरील विवेचनातून असे दिसून येते, की क्लाउड इंटरफेसशी तांत्रिक जोडणी करणे हे पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला काही दिवसांत जमण्यासारखे काम आहे. परंतु जोडणी म्हणजे जुळणी नव्हे. दर सांगण्यापूर्वी कोणते पाच प्रश्न विचारावयाचे, 'चादर' म्हणजे नेमके काय, कोणत्या मालाला कोणते नाव लावता येते, कोणते वचन देता येत नाही आणि कोणत्या हाकेला यंत्राने बाजूला होऊन माणसाला पुढे करावयाचे, हे ठरवल्यावाचून चॅटबॉट पूर्ण होत नाही. ही उत्तरे मॉडेलपाशी नाहीत. ती कारखान्यातील जुन्या माणसांपाशी आहेत आणि अद्याप कोठेही लिहिली गेलेली नाहीत.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हे एक निश्चित कार्यक्षेत्र आहे. संगणकशास्त्र विभागाने इंटरफेसची बाजू सांभाळावी, वाणिज्य विभागाने व्यवहाराचे नियम नोंदवावेत, मराठी, हिंदी, उर्दू व कन्नड विभागांनी तेलुगू जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन व्यवसायशब्दांचा कोश करावा, आणि विधीच्या अभ्यासकांनी सूचनापत्र तपासावे. असा आंतरविद्याशाखीय प्रकल्प वसाहतीतील एका कारखान्यापुरता जरी पूर्ण झाला, तरी त्यातून तयार होणारा कोश आणि चाचणीसंच शेजारच्या कारखान्यांना उपयोगी पडेल. चॅटबॉटचे तंत्र उद्या बदलेल, आजची मॉडेल कालबाह्य होतील. मागावरच्या माणसाच्या ज्ञानाची चार भाषांतील ही लेखी नोंद मात्र त्यानंतरही टिकून राहील.